खिडकीतली फळी

मांजरासाठी खिडकीत फळी ठोकणे हा काय लिहिण्याचा विषय झाला, असे काही वाचक बंधू म्हणतील. म्हणोत बापडे. ज्यांच्या घरी धान्याचे पोते आहे आणि लहान मूल आहे, त्या भगिनींना हा विषय आपला वाटेल, अशी आमची खात्री आहे.

आपला गोंदिया धानाचा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, पण राईस मिलांचे गाव ही ओळख त्याआधीपासूनची. जिथे धान तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे मांजर. हे नाते फार जुने आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. ही माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. शेती करणाऱ्या माणसाने मांजराला बोलावले नव्हते. साठवलेल्या धान्यातील उंदरांमागे ते आपणहून आले. तरी आज ते आडवे गेले की शिकलेली माणसेसुद्धा दोन पावले मागे सरतात! असो.

आमच्या वस्तीत एका माडीवर हमाली करणारे कुटुंब राहते. खिडकीला गज नाहीत, खाली धानाच्या ट्रकांचा रस्ता. मांजर खिडकीतून छज्जावर जायचे आणि सहा वर्षांची मुलगी त्याला धरायला अर्धी बाहेर वाकायची. आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, हे मांजर एक दिवस पोरीचा जीव घेईन. पोत्यात घालून नदीपल्याड सोडून देतो." मुलीने त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. आम्ही म्हटले, "ताई, दोष मांजराचा नाही, उघड्या खिडकीचा आहे. मांजर गेले तरी खिडकी उघडीच राहणार. आधी तिचा बंदोबस्त करू."

म्हणून पहिले काम जाळीचे. चौकटीला बाहेरून लोखंडी जाळी घट्ट बसवावी. नुसते गज असतील तरी मांजरासाठी जाळी हवी, कारण डोके गेले की त्याचे अंगही निघून जाते. उंचावरून पडताना मांजर हवेत वळून पायांवर येते हे खरे, पण त्याचे पाय आणि जबडा मोडतो हेही खरे.

मग फळी. आरामशीनवर पाऊण इंच जाडीचा तुकडा मिळतो. २० इंच लांब, १२ इंच रुंद पुरे. मोठे मांजर साधारण ३ ते ५ किलोचे, परंतु उडी मारताना फळीवर त्याहून जास्त जोर येतो. म्हणून फळी बसली की तिच्यावर दहा-बारा किलो तांदळाची पिशवी रात्रभर ठेवून बघावी. पक्क्या विटेच्या भिंतीत ड्रिलने छिद्र पाडून गट्टू ठोकावे आणि १० इंची दोन एल ब्रॅकेट दोन इंची स्क्रूने आवळावे. स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये राहिला तर फळी मांजरासकट खाली येईल. घर मातीचे असेल तर ब्रॅकेटच्या भानगडीत पडूच नका. मातीत गट्टू धरत नाही. फळीला चार पाय लावून स्टूलासारखी खिडकीशी टेकवा व चौकटीला तारेने बांधा.

वर बारदाना दुमडून कडेने ठोका. मांजराला नखे घासायला ताग आवडतो, आणि तो मिळाला म्हणजे गादीची ओढाताण कमी होते. खताचे किंवा कीटकनाशकाचे पोते मात्र चुकूनही वापरू नये. मांजर पंजे चाटते, विष थेट पोटात. याच कारणाने फळीला रंगही देऊ नये.

खिडकी शक्यतो पूर्वेची धरावी. थंडीत कोवळे ऊन मिळते. पश्चिमेची असेल तर मे महिन्यात तिथे ओले पोते टांगा आणि पाण्याची वाटी जवळ ठेवा. आपला उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो.

त्या घरी पहिले दोन दिवस मांजर फळीकडे फिरकले नाही. आई म्हणाली, मेहनत वाया गेली. मांजराला उचलून बसवले की ते जागा सोडून देते, म्हणून आम्ही हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी मुलीने आपला जुना फ्रॉक त्यावर पसरला. ओळखीचा वास आला, मांजर चढले आणि दुपारभर रस्ता बघत बसले. मुलगी खाली बसून अभ्यास करते. पोत्याचा विषय आता निघत नाही.

मांजराला रेबीजची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून घ्यावी. ते चावले किंवा ओरबाडले तर हळद-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. आणि पावसाळा संपला की फळीचे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत. ओलीने लाकूड फुगते, सुकल्यावर ते ढिले पडतात.