"चालवून बघ" म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या आयटीतल्या मंडळींना सीएनसी राउटरचं वेड लागलंय. (वाय-फायवाला नव्हे हो, लाकूड कोरणारा!) वेडाबद्दल तक्रार नाही, मलाही आहे. तक्रार आहे ती एका लाडक्या सल्ल्याबद्दल: "कुठलाही पोस्ट प्रोसेसर डाउनलोड कर, चालवून बघ. नाही जमलं तर दुसरा."

अरे, तो काय प्रिंटर ड्रायव्हर आहे?

बिट कुठून कसं फिरणार ते कॅम सॉफ्टवेअर ठरवतं. पोस्ट प्रोसेसर त्याचा जी-कोड बनवतो. थोडक्यात, कंपायलरचं शेवटचं टोक. जी-कोड नावाला एक, पण दर कंट्रोलरची बोली वेगळी. म्हणून पोस्ट निवडायचा तो कंट्रोलर बघून, मशीनचा ब्रँड बघून नव्हे.

चुकीचा पोस्ट एरर देऊन थांबला तर नशीबच म्हणायचं. जीआरबीएलला टूल बदलायचा एम ६ कळत नाही, तो सरळ एरर देतो. भीती आहे ती बिनतक्रार चालणाऱ्या ओळींची. 'जी ४ पी २' म्हणजे जीआरबीएलवर २ सेकंद थांबा. मॅक ३ मध्ये मिलिसेकंदाचं सेटिंग असेल तर फक्त २ मिलिसेकंद, म्हणजे स्पिंडलने वेग घेण्याआधीच बिट लाकडात! जी २१ च्या जागी जी २० आला (परिषद नव्हे, इंच) की ३ मिमी खोली होते ३ इंच, म्हणजे ७६.२ मिमी.

यावर ठरलेलं उत्तर: "पण सिम्युलेशनमध्ये तर बरोबर दिसत होतं." साहेब, कॅममधलं नेहमीचं सिम्युलेशन पोस्ट प्रोसेसरच्या आधीचं असतं. ज्याची शंका आहे तोच भाग त्यात नाही!

मग करायचं काय? १०० मिमीचा चौकोन, एक वर्तुळ, एक भोक, एवढीच फाइल काढा. नोटपॅडमध्ये वाचा: एकक कुठलं, पहिली झेड हालचाल कुठे, सगळ्यात खोल झेड किती, स्पिंडल कधी सुरू होतो. जीआरबीएल असेल तर आधी चेक मोड. मग बिट काढून, झेडचा शून्य मालाच्या ५० मिमी वर धरून हवेत चालवा. मात्र जी २८ आणि जी ५३ मशीनचा शून्य धरतात, त्यांना ही युक्ती लागू नाही. त्या ओळी वाचूनच पकडायच्या. हे सगळं जमलं की मग बिट लावून फोमवर. हात इमर्जन्सी स्टॉपवर, आणि तो स्पिंडलची वीज तोडणारा हवा. स्क्रीनवरचं बटण धरू नका.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं विचारणारे हेच लोक दोन ओळींच्या बदलाला कोड रिव्ह्यू मागतात. आणि फ्यूजनचा पोस्ट तर चक्क जावास्क्रिप्टची फाइल असते! ती मात्र न वाचता चालते?

बरं, घरच्या मशीनवर निदान धोका आपला आपल्याला. पण फाइल वर्कशॉपमध्ये पाठवली की मशीनशेजारी उभा असतो तो सुतार किंवा त्याचा हेल्पर. पोस्ट आपण निवडलेला, डोळे आणि बोटं त्याची. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "चालवून बघ" म्हणालं तर सांगा, "बघतो. आधी बिट काढून."

असो.