जो सर्वांत मागे, त्याच्यासाठी डोंगर

दिवाळीचे चोपडापूजन आटोपले, लाभपंचमीला पेढीचे दार पुन्हा उघडले, की घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या व्यापारी घरांत पुढच्या सुटीचा विषय निघतो. पूर्वी महाबळेश्वर, माथेरान किंवा माउंट अबू यांवर एकमत होत असे. आता महाविद्यालयात शिकणारा नातू मोबाइल पुढे धरतो आणि म्हणतो, “या वेळी स्कीइंग!” समजा, घरात माणसे अकरा आहेत. नातवाने स्कीइंगचा एक अभ्यासक्रम पूर्ण केलेला. त्याच्या बहिणीने बर्फ पाहिलेलाही नाही. वडिलांचा गुडघा दुखरा, आजोबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली, आजींचा चौविहार आणि काकांचे मूल चार वर्षांचे. सहल एकच, शक्ती मात्र प्रत्येकाची निराळी.

अशा बैठकीत बहुधा सर्वांत उत्साही सदस्याचा शब्द चालतो. शिखर किती उंच आणि उतार किती लांब, एवढ्यावरच ठिकाण ठरते. तेथे पोहोचल्यावर तो एकटा वर जातो, चौघे दिवसभर भाड्याच्या बुटांशी झगडतात आणि आजी-आजोबा खोलीत हीटरजवळ बसून खिडकीतून बर्फ पाहतात. खर्च अकरा जणांचा होतो, सहल मात्र एकाचीच.

वास्तविक जैन कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर यात्रेने केव्हाच शिकविले आहे. सम्मेदशिखरजीची वंदना चढ, टोंकांची परिक्रमा आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरची. अंधारात निघालेला तरुण ती पायी पूर्ण करतो, आजी डोलीतून जातात आणि ज्याला चढणे शक्य नाही तो मधुबनातील मंदिरांत दर्शन घेतो. संध्याकाळी सर्व एका पंगतीला बसतात. कोणी मागे राहिला, असे कोणाच्या मनातही येत नाही. बर्फाचे ठिकाण निवडतानाही हीच कसोटी लावावी. तेथे प्रत्येकाला आपापली वाट आहे काय? आणि दुपारी सर्वांना एका जागी भेटता येते काय?

या कसोटीवर देशातील तीन परिचित ठिकाणे पाहता येतील. उत्तराखंडातील औलीचा उतार सुंदर आहे. समोर नंदादेवीचे दर्शन घडते. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांमधील स्कीइंग येथेच झाले. गढवाल मंडल विकास निगमाचे प्रशिक्षणवर्ग नवशिक्यांना सोयीचे आहेत. परंतु ऋषिकेशहून जोशीमठापर्यंतचा सुमारे २५० किलोमीटरचा घाटरस्ता वृद्धांना आणि लहानग्यांना थकविणारा आहे. त्यातच जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठाची जमीन खचली, तेव्हा औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला आणि वर जाण्यास रस्त्याचाच आधार उरला.

मनालीजवळचे सोलंग चार दिवसांत स्कीइंगची तोंडओळख करून घेणाऱ्यांसाठी बरे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था येथे रीतसर अभ्यासक्रम चालविते. मात्र उतार आखूड, गर्दी दांडगी. ज्याला स्कीइंग येते त्याचे मन दुसऱ्याच दिवशी तेथे रमेनासे होते.

उरते काश्मीरचे गुलमर्ग. श्रीनगर विमानतळावरून मोटारीने काही तासांत तेथे पोहोचता येते; तंगमर्गच्या पुढे बर्फ असल्यास चाकांना साखळ्या लावाव्या लागतात. सुमारे २,६५० मीटर उंचीच्या या पठारावर नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहेत. १९६८ पासून स्कीइंग शिकविणारी केंद्रीय संस्थाही येथेच आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर, नेतो. दुसरा टप्पा अफरवटाच्या माथ्याखाली सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. निर्णायक जागा आहे ती कोंगडोरी. स्कीइंग न करणारे आजी-आजोबा डॉक्टरांच्या संमतीने गोंडोलात बसून तेथे येऊ शकतात, सकाळचा धडा संपवून नात येते आणि बरे स्कीइंग येणारा नातूही तेथेच थांबतो. दुपारचा डबा अकरा जण एकत्र उघडतात. एवढे साधले की सहल साधली.

अफरवटाचा माथा मात्र केवळ कुशल माणसाचा. हृदयरोग्याने तेथील विरळ हवेत जाण्याचा आग्रह धरू नये. वरचे बहुतेक उतार यंत्राने दाबून सारखे केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका परदेशी स्कीपटूचा तेथे मृत्यू झाला. गस्तीपथकाने उतार बंद केला असेल तर नातवाने माहितगार वाटाड्यासोबतही तेथे जाऊ नये. त्याचा उत्साह मान्य करावा. परंतु वर जाण्याचा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांनी आणि गस्तीपथकाने मिळून करावा.

२०२५ च्या एप्रिलमधील पहलगामच्या हत्याकांडानंतर सुरक्षिततेचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो निघणे योग्यच आहे. त्या त्या वेळच्या सरकारी सूचना पाहून, रद्द करता येईल असेच आरक्षण करावे. बर्फाचाही भरवसा धरू नये. नाताळच्या सुटीत बर्फ अनेकदा अपुरा असतो. जानेवारी २०२४ मध्ये तर गुलमर्गचे पठार जवळजवळ उघडे होते, आणि २०२५ च्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. मुलांच्या परीक्षा आड येत नसतील तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ अधिक बरा.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नातवाने बहिणीला शिकवू नये. त्याला स्कीइंग येते, शिकविणे येत नाही. दोघांचाही दिवस वाया जातो. नवशिक्यांसाठी तीन दिवस प्रशिक्षक ठरवावा. दुसरी, आहाराची. जानेवारीच्या मध्यास काश्मीरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दिवसाचे स्कीइंग त्याआधीच संपते, म्हणून चौविहार पाळणे वाटते तितके कठीण नाही. कंदमुळाविना भोजन आणि पाच वाजताची वेळ या दोन्ही गोष्टी हॉटेलकडून आरक्षणापूर्वीच लेखी घ्याव्यात. खाखरे, थेपले, सुका नाश्ता सोबत असावाच. तिसरी, वेशाची. भाड्याच्या हातमोज्यांत चामडे आणि जाकिटांत पिसे असू शकतात. कृत्रिम धाग्यांचे कपडे मुंबईहूनच न्यावेत.

परदेशी जाणाऱ्यांनाही हीच कसोटी उपयोगी पडेल. स्वित्झर्लंडमध्ये निळा उतार सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. नकाशावर काळ्या रेघा किती, हे नातू मोजील. घरच्या कर्त्याने निळ्या रेघा मोजाव्यात आणि ज्याला स्कीइंग करावयाचेच नाही, त्याला वर नेणारा पाळणा आहे की नाही, ते पाहावे.

पेढीवर भागीदारी ठरविताना दुबळ्या भागीदाराचे हित आधी पाहण्याची रीत जुन्या पिढीने जपली. सहलीतही तीच रीत राखावी. बलवानाला कोणत्याही डोंगरावर काही ना काही करण्याजोगे सापडतेच. आजींना खिडकीबाहेर येता येईल असा डोंगर मात्र शोधावा लागतो.