वाघ मोजता, मग रोही का नाही?



मागे पनवेलला मुलाकडे चार दिवस राहिलो. तिथे गोवा रस्त्यावर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे, १९६८ सालचे. मुंबईची माणसे गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरे बघायला येतात. आपल्याकडे ज्वारी हुरड्यावर आली की पाखरेच आपल्याकडे येतात, आणि तिकीट आपण भरतो! निघताना मुलाने हातात एक डबी ठेवली. जंगलात वाघ टिपायला लावतात तो कॅमेरा. म्हणाला, "आबा, धुऱ्यावर लावून बघा."

डबी पट्ट्याने झाडाला बांधायची. समोर गरम अंगाचे काही हलले की ती आपोआप फोटो काढते, रात्रीसुद्धा. डुकरासाठी गुडघ्याएवढी उंची पुरे. तोंड उगवती-मावळतीला नको. पुढचे गवत कापून घ्या, नाहीतर दुपारच्या तापल्या वाऱ्यात हलणाऱ्या काडीचेच फोटो निघतात. माझे निघाले. आणि बायाबापड्यांच्या वाटेकडे हा डोळा कुणीही रोखू नये, हे बजावून सांगतो.

फोटोवर वेळ पडते. मी मध्यरात्रीपर्यंत मचाणावर डबा वाजवत जागत होतो. डुकरांचा कळप येत होता तीननंतर, मी आडवा झाल्यावर. रोही तर दिवेलागणीलाच नाल्याकडून कपाशीत शिरत होते. एवढ्या वर्षांचे निम्मे जागरण फुकट गेले म्हणायचे.

फोटो घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी हसून विचारले, "हे शेत तुमचेच कशावरून?"

आता हिशेब बघा. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले. ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले, त्यातले ७६,६५१ वाघांचे. वाघाचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत, म्हणून मोजणी जमते. महाराष्ट्रात तेव्हा ३१२ वाघ निघाले, २०२२ च्या गणनेत ४४४. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या टी-१ वाघिणीचा माग २०१८ साली काढला, त्यातही हेच कॅमेरे होते. म्हणजे वाघापुरती कॅमेऱ्याची साक्ष सरकारला पटते. कास्तकाराच्या धुऱ्यावर तोच कॅमेरा खोटे बोलायला लागतो काय?

वाघ वाढले याचे मला वाईट वाटत नाही. पण रानातले जनावर मोजताना सरकारचे आणि आमचे पीक खाताना कुणाचेच नाही, हे कसे चालेल? भरपाईसाठी तीन दिवसांत तक्रार द्या, मग पंचनाम्याची वाट बघा. तोवर पाऊस पडून खूर पुसले जातात. कळपाने कणसे मोडली की वाऱ्याने ताटे लोळली, यावर वाद. तारीख-वेळेचा फोटो तो वाद मिटवतो.

काहीजण म्हणतील, कॅमेरा म्हणजे कुंपण नव्हे. खरेच आहे, डुक्कर फोटोला भीत नाही. शिवाय काही हजारांची ही वस्तू एकेकट्याने विकत घ्यावी असे मी म्हणणार नाही. आधीच कर्ज काय कमी आहे? वनखात्याने जंगलालगतच्या प्रत्येक गावाला कॅमेरे द्यावेत, आणि फोटो पंचनाम्याला जोडून घेण्याचा लेखी आदेश काढावा.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्याकडे फोटो असतील त्यांनी ते आणावेत. पाठीमागे गट नंबर आणि तारीख लिहा. फोटो नसेल त्याने तक्रारीची पोच आणावी.