मुख्याध्यापकाचा वेळ आणि हातातील टॅबलेट

मुख्याध्यापकाच्या हाती टॅबलेट दिला की दप्तराचा भार हलका होईल आणि वाचलेला वेळ तो अध्यापनाच्या सुधारणेकडे लावील, ही कल्पना आता शासकीय योजनांत आणि प्रशिक्षणवर्गांत रूढ झाली आहे. ती मुळातच चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि साधन हाती येणे आणि कामाची उत्पादकता वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर कशाने भरून निघते, याचा विचार मात्र क्वचितच होताना दिसतो.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. संगणकयुग सर्वत्र दिसते, दिसत नाही ते केवळ उत्पादकतेच्या आकड्यांत, असा शेरा रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली मारला होता. पुढे १९९० मध्ये पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने त्याचा उलगडा विजेच्या उदाहरणाने केला. अमेरिकेतील कारखान्यांत वीज आली तेव्हा प्रथम मालकांनी वाफेचे इंजिन काढून त्या जागी विजेची मोटर बसविली. यंत्रांची मांडणी आणि कामाची पद्धत मात्र जुनीच ठेवली. त्यामुळे कित्येक वर्षे फारसा लाभ झाला नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन कारखान्याची रचनाच बदलली गेली, तेव्हा म्हणजे १९२० च्या दशकात, उत्पादकतेने झेप घेतली. शाळांच्या बाबतीत आपण अद्याप इंजिनाच्या जागी मोटर बसविण्याच्याच टप्प्यावर आहोत.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आहेत. त्यांपैकी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला सर्वसाधारणपणे कारकून नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. अन्यत्र एखादा शिक्षकच आपला वर्ग सांभाळून हा कार्यभार वाहतो. 'सरल', 'यूडायस प्लस', वेतनासाठी 'शालार्थ', पोषण आहाराची दैनंदिन नोंद, विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची जुळणी, अशी ही यादी आहे. यात व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी येऊन दुपारपर्यंत 'तातडीने' मागविलेल्या माहितीची भर पडते. पटावरील मुलांची संख्या एकाच वर्षात निरनिराळ्या नमुन्यांत वारंवार भरावी लागते. हे काम टॅबलेटवर झाले म्हणून कमी होत नाही. फार तर कागद वाचतो. मात्र ज्या दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक संपर्कजाळे मिळेना म्हणून ओट्यावर जाऊन बसतो, तेथे त्याचा वर्ग तेवढा वेळ शिक्षकाविना राहतो.

याचे कारण साधे आहे. जी वस्तू फुकट मिळते, तिची मागणी वाढतच जाते. माहिती मागणाऱ्या कार्यालयाला ती मागण्याचा खर्च शून्य असतो. तिची किंमत मोजतो तो मुख्याध्यापक, आणि अंतिमतः त्याच्या वर्गातील मूल. टॅबलेटमुळे माहिती पाठविणे जितके सोपे होते, त्याहून ती मागणे अधिक सोपे होते. त्यामुळे यंत्राने वाचविलेली अर्धी घटका दुसऱ्या नमुन्याच्या मागणीत विरून जाते.

मुख्याध्यापकाने या मागण्यांकडे दुर्लक्ष करावे, असा उपदेशही निरर्थक आहे. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याचा निर्णय, प्रणालीत नोंदलेल्या आणि आधारशी जुळलेल्या पटसंख्येवर होतो. नोंदीत चूक झाली तर शिक्षकाचे पद जाण्याची भीती असते. चौथीतील मुलाला वाचता आले नाही, तर त्या दिवशी कोणी जाब विचारत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कोणते काम आधी करील, हे सांगावयास नको.

मध्य प्रदेशातील अनुभव या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथे शाळांचे सविस्तर मूल्यमापन करून प्रत्येकीसाठी सुधारणेचा आराखडा तयार करण्याचा कार्यक्रम राबविला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. मूल्यमापने झाली, आराखडेही लिहिले गेले. परंतु शिक्षकांच्या उपस्थितीत किंवा मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. कागदोपत्री यश आणि प्रत्यक्षातील यश यांची फारकत कशी होते, याचा हा धडा आहे.

याचा अर्थ टॅबलेट निरुपयोगी आहे असा नव्हे. वर्गात मागील बाकावर बसून पाठाचे निरीक्षण नोंदवावे आणि महिन्याने तीच नोंद उघडून शिक्षकाशी बोलावे, यासाठी त्याच्यासारखे साधन नाही. दर सोमवारी कोणते मूल गैरहजर राहते, हे हजेरीपत्रकात दडून राहते. टॅबलेटवर ते क्षणात दिसू शकते. एखाद्या मुलीचे वाचन जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रित केले, तर प्रगतीचा त्याहून प्रामाणिक पुरावा पालकांपुढे ठेवता येणार नाही. या सर्व उपयोगांत एक गोष्ट समान आहे. येथे माहिती वर पाठविली जात नाही. ती शाळेतच राहते आणि शाळेच्याच उपयोगी पडते.

आकडे मागविल्याखेरीज शासनाने अनुदान, पोषण आहार आणि शिक्षकांची पदे यांचे नियोजन कसे करावे, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. पण एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची नाही, हा नियम त्या नियोजनाच्या आड येत नाही. एका प्रणालीतील पटसंख्या दुसरीने आपण होऊन घ्यावी. शाळेतून नवी माहिती हवी असल्यास ती अन्यत्र उपलब्ध नाही, हे मागणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी नमूद करावे. दुसरा उपाय मनुष्यबळाचा आहे. शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने १९६६ मध्येच मांडली होती, आणि महाराष्ट्रात केंद्रांची व्यवस्था अस्तित्वात आहे. प्रत्येक केंद्राला एक कारकून दिला, तर दहा-बारा शाळांचे दप्तर एका ठिकाणी सांभाळता येईल. त्यासाठी खर्च होईल हे खरे. परंतु आजही तो खर्च होतच आहे. फरक इतकाच, की तो शिक्षकाच्या वेतनातून आणि मुलांच्या तासांतून होतो, म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही.

टॅबलेटची योजना यशस्वी झाली की नाही, हे किती संच वाटले यावरून ठरू नये. मुख्याध्यापक आठवड्यातून किती तास वर्गात असतो, हा एकच प्रश्न त्यासाठी पुरेसा आहे. त्याचे उत्तर पूर्वीइतकेच राहिले, तर आपण केवळ दप्तराची पाटी बदलली, असे म्हणावे लागेल.