किड रॉक रॅप सोडून 'कंट्री'कडे वळला, हे परभणीकरांनी का समजून घ्यायचं?

1998 साली 'डेव्हिल विदाऊट अ कॉज' नावाचा अल्बम आला आणि किड रॉक अमेरिकेत घराघरात पोहोचला. रॅप, वर कर्कश गिटार, असा सगळा मामला. 2002 मध्ये त्याने शेरिल क्रोसोबत 'पिक्चर' हे संथ गाणं केलं आणि ते कंट्री रेडिओवरही वाजू लागलं. पुढे काऊबॉय हॅट, गावाकडची गाणी, नॅशविलमध्ये स्वतःचा बार. जुलै 2024 मध्ये तर तो रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात ट्रम्प यांच्यासाठी गायला.

कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं. शेत, ट्रक, दारू, देव, घराची ओढ. आता गंमत बघा. किड रॉक वाढला मिशिगनमध्ये, वडिलांचा मोटारविक्रीचा धंदा. तरी तो 'गावचा माणूस' म्हणून सहज खपला.

2018 मध्ये जॉर्जियाच्या लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय पोराने 'ओल्ड टाऊन रोड' केलं. घोडा, हॅट, बॅन्जो, सगळं त्यात होतं. बिलबोर्डने मात्र ते कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. कारण दिलं की गाण्यात आजच्या कंट्रीचे पुरेसे गुण नाहीत. तेच गाणं नंतर मुख्य यादीत 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. आणि बॅन्जो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या परंपरेतलं! म्हणजे गावाकडचं कोण, हे फक्त गाण्यावर ठरत नाही.

आता परभणीत या. गंगाखेड ही जनाबाईंची भूमी. गोंधळी राजाराम कदम याच परभणीचे. त्यांनी गोंधळ अंगणातून मोठ्या रंगमंचावर नेला. आपल्याकडे गावाकडचं गाणं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक समाजांनी सांभाळलं: गोंधळी, वासुदेव, पोतराज, शाहीर. 'हे गाणं कुणाचं' हा प्रश्न इथे पडत नाही. पैसे आणि नाव कुणाचं, हा पडतो.

हल्ली मराठी रॅपर आणि डीजे संबळाकडे वळलेत. चांगलंच आहे. स्वदेशी या रॅप गटाने वारली समाजावरचं गाणं आदिवासी कलाकार प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन, त्यांचं नाव देऊन केलं. पण कित्येक रीलवर ठेका वाजतो आणि वाजवणारा कोण ते कुठेच नसतं.

'ओल्ड टाऊन रोड'मधला बॅन्जोचा तुकडा 'नाइन इंच नेल्स'चा होता. तो मूळ बनवणाऱ्या दोघांची नावं गाण्याच्या श्रेयात लागली. संबळवाल्याला हे का मिळत नाही?

कायदा अगदीच कोरडा नाही. पारंपरिक चालीवर कुणा एकाचा कॉपीराइट नसतो, ती कुणीही वापरावी. पण एखाद्या गोंधळ्याने वाजवून रेकॉर्ड झालेला तुकडा वेगळा. त्यावर कलाकार म्हणून त्याचा हक्क असतो, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचाही. अडचण अशी की जागरण-गोंधळाच्या रात्री कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्डिंग करतं, सुपारीचे पैसे हातात पडतात आणि कागद काहीच होत नाही. पुढे तोच आवाज लाखोंनी ऐकला, तरी गोंधळ्याकडे दाखवायला पुरावा नसतो.

म्हणून ओळखीतला कुणी संबळाचा ठेका उचलत असेल, तर वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि ठरलेले पैसे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायला सांगा. रील टाकताना तेच नाव कॅप्शनमध्ये पहिल्या ओळीत.