शाळेच्या फाटकाबाहेरची हलगी

मकर संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. उंच नंदीध्वज तोलत भक्तगण शहरातील अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात आणि वाद्यांच्या गजराने गल्ल्या दुमदुमतात. शाळकरी मुले हे सारे डोळे भरून पाहतात आणि यात्रा संपली की पुन्हा त्या वर्गात जाऊन बसतात, जेथे यातील काहीही ‘अभ्यासाचे’ समजले जात नाही. शाळेत लोकसंगीताला प्रवेश मिळतो तो वार्षिक स्नेहसंमेलनापुरता. तोही बहुधा ध्वनिफितीवर वाजणाऱ्या चित्रपटगीताच्या रूपाने.

वास्तविक हे संगीत म्हणजे स्वतंत्र विषय नव्हे, अनेक विषयांचे दार आहे. आठ मात्रांचा भजनी ठेका एका गटाने आणि सहा मात्रांचा दादरा दुसऱ्या गटाने एकाच वेळी टाळीवर धरला, तर दोघांची सम चोविसाव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र येते. लसावि म्हणजे काय, हे त्यानंतर फळ्यावर लिहिण्याची गरज उरत नाही. हलगी वाजवण्यापूर्वी ती जाळावर का शेकतात, या प्रश्नात विज्ञानाचा एक अख्खा तास आहे: कातड्यातील ओलावा जातो, ताण वाढतो, आवाज चढतो. मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत ढोल-कैताळांच्या साथीने घुमणारी धनगरी ओवी मेंढरांच्या वाटा सांगते. त्या वाटा नकाशावर काढल्या की पर्जन्यछायेचा प्रदेश आपोआप उमगतो. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा समकालीन पत्रांशेजारी ठेवून वाचला, तर इतिहासाच्या साधनांची पारख कशी करतात हेही कळते. भाषेबद्दल तर बोलायलाच नको. ज्या नगरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बोळात ऐकू येतात, त्याच नगरीने पेशवाईच्या उत्तरकाळात रामजोशींसारखा संस्कृतज्ञ शाहीर दिला.

हा ठेवा जपण्याचे श्रेय सरोजिनी बाबरांसारख्यांना आहेच. परंतु जात्यावरच्या लाखभर ओव्यांचा संग्रह हेमा राईरकर यांच्या सोबतीने उभा केला तो फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेल्या गी प्वातवँ यांनी, आणि धनगरांच्या ओव्यांमागे रानोमाळ हिंडले ते जर्मनीचे गुंथर सोंथायमर. स्वदेशीचा घोष करणाऱ्यांनी ही गोष्ट मनाला लावून घ्यायला हवी.

ब्राझीलचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. थोर संगीतकार हेइतोर व्हिला-लोबोस यांनी १९३२पासून रिओच्या शाळांत समूहगायन रुजवले आणि मुलांसाठी १३७ लोकगीतांचा संग्रह सिद्ध केला. तेथे २००३च्या कायद्याने आफ्रिकी वंशाच्या ब्राझीलवासीयांचा इतिहास व संस्कृती शाळांत अनिवार्य झाली, तर २००८च्या कायद्याने संगीत. मात्र व्हार्गास यांच्या हुकूमशाहीत तेच समूहगायन क्रीडांगणांवरील हजारो मुलांच्या भव्य प्रदर्शनाचे साधनही बनले होते. गीत शिकण्यासाठी आहे, दाखवण्यासाठी नाही, एवढे भान सुटले की चांगली योजनाही संचलन होऊन बसते. आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

सुदैवाने २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलांची सांगड सर्व विषयांशी घालण्यास आणि स्थानिक कलावंतांना शाळेत शिक्षक म्हणून पाचारण करण्यास वाट मोकळी केली आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील प्रयोगामुळे त्याच वर्षी जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणाऱ्या या जिल्ह्याला कल्पकतेची वानवा नाही. अडचण वेगळीच आहे. हलगीवर थाप मारणारे हात परंपरेने बहुतांशी मातंग समाजाचे. मिरवणुकीत त्यांचा नाद सर्वांना हवा असतो, पण शिक्षकांच्या खोलीतील खुर्ची त्यांना देताना हात आखडतो. समरसतेवर वर्षाकाठी व्याख्यान ठेवणाऱ्या संस्थाचालकांनी त्याऐवजी एखाद्या हलगीवादकाला विज्ञानाच्या तासाला सन्मानाने बोलवावे, मुलांकडून ‘गुरुजी’ म्हणवून घ्यावे आणि मानधनाचे पाकीट त्याच दिवशी हातात द्यावे. अनुदानाच्या फायलीची वाट पाहू नये. व्याख्यात्याच्या हारतुऱ्यांवर होणाऱ्या खर्चात हे सहज बसते.