‘तुला कशाला टेन्शन?’

‘तुला कशाला टेन्शन? मी आहे ना!’ आपल्याकडे हे वाक्य प्रेमाचं समजलं जातं. नवरा बायकोला म्हणतो, बाप मुलीला म्हणतो, पुढे मुलगा म्हाताऱ्या आईला म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण इचलकरंजीतल्या एका सहकारी बँकेच्या खिडकीत नोकरीभर बसल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की या मायेची किंमत शेवटी त्या बाईलाच मोजावी लागते, आणि तीही नेमकी तिच्यात उभं राहायचं त्राण नसतं तेव्हा.

स्वतःची काळजी घ्या, असं हल्ली सगळेच सांगतात. चालायला जा, हिमोग्लोबिन तपासा, आठवड्यातून तासभर स्वतःसाठी काढा. सगळं खरं. पण त्या तासात आपलं पासबुक उघडून बघा, असं कोणी म्हणत नाही. पैशाची धास्ती अंगात मुरते. घरात किती येतं आणि किती देणं आहे हे जिला माहीत नसतं, ती अनोळखी नंबरवरून फोन आला तरी दचकते. मंडईत पाच रुपयांसाठी घासाघीस करते, आणि राहत्या घरावर कर्ज काढलेलं असतं त्याचा तिला पत्ता नसतो. आकडा कळला म्हणून तो कमी होत नाही. पण कळल्यावर झोप लागते, असं कितीतरी जणींनी मला सांगितलं आहे.

यंत्रमागावरचा एक कामगार अचानक गेला. काही दिवसांनी त्याची बायको खातं बंद करायला आली. कापडी पिशवीत पासबुक, मृत्यूचा दाखला, दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड. शिल्लक साडेतीन हजारांच्या आसपास. तेवढे हातात पडले की पोराची फी भरायची, एवढाच तिचा हिशेब. मी पासबुक भरून घेतलं आणि सवयीने नोंदींवरून नजर फिरवली. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा. म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २ लाखांचा. ‘वहिनी, यांचा विमा होता,’ म्हटल्यावर ती नुसती बघतच राहिली. अर्ज भरला, कागद जोडले, यथावकाश रक्कम तिच्या खात्यात आली. नवऱ्याने तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. कधीतरी शाखेत कोणीतरी फॉर्म पुढे केला, त्याने सही केली, आणि असलं काही घरी सांगायची पद्धत नव्हती, इतकंच. ती नोंद नजरेतून सुटली असती, तर ती साडेतीन हजार घेऊन घरी गेली असती.

हे फक्त कामगाराच्या घरी घडतं असं समजू नका. सुताच्या एका व्यापाऱ्याच्या बायकोचं नाव घरातल्या सगळ्या ठेवींवर होतं. नवरा मिरजेला अतिदक्षता विभागात, सही करण्याच्या स्थितीत नाही. ही पावत्या घेऊन आली. पावतीवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलेलं, तेव्हा आपल्या एकटीच्या सहीवर भागेल असं तिला वाटलेलं. पण मुदत संपण्याआधी ठेव मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात. बचत खात्यात बऱ्यापैकी पैसे होते, ते खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर. एटीएमचा पिन त्यालाच माहीत. शेवटी तिने पाटल्या गहाण ठेवल्या. पैसे असलेल्या घरातली बाई पैशासाठी अशी हिंडली. एखादं बचत खातं दोघांच्या नावावर असतं, तर ती वेळ आली नसती.

बायकांना पैशातलं कळत नाही, हे तर मला ऐकवतच नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली, तेव्हा तांदळाच्या डब्यातल्या आणि साडीच्या घडीतल्या पाचशे-हजाराच्या नोटा घेऊन याच बायका रांगेत उभ्या होत्या. ‘मॅडम, घरी कळणार नाही ना?’ असं काचेपलीकडून दबक्या आवाजात विचारत होत्या. गल्लीतली भिशी चालवणारी बाई वही न उघडता सांगते, कोणाचा हप्ता राहिला आहे आणि पुढची उचल कोणाची. अक्कल आहे, शिस्त आहे. घरातली माहिती मात्र तिच्यापर्यंत पोचू दिली जात नाही, म्हणून ती डब्यात पैसे लपवते.

नव्या पिढीकडे बघून मला जास्त वाईट वाटतं. पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या, दिवसभर कॉम्प्युटरवर आकडे फिरवणाऱ्या मुली सुट्टीत बँकेत येतात, आणि ‘माझे एफडी ना, बाबांनाच माहीत,’ म्हणतात. लग्नानंतर बाबांच्या जागी नवरा येतो. पगार हिचा आणि पासवर्ड त्याचा, याला मी सांभाळून घेणं म्हणत नाही.

विचारलं की घरात भांडण होतं, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं ऐकून घ्यावं लागतं, हे मला माहीत आहे. तेव्हा खर्चाबद्दल विचारू नका, कागदाबद्दल विचारा. ‘हा पैसा कुठे गेला?’ याने माणूस चिडतो. ‘आपली पॉलिसी कुठे ठेवलीय?’ याला सहसा उत्तर मिळतं. पगार झाल्यावरच्या रविवारी एक साधी वही काढावी आणि दोघांनी बसून लिहावं: खाती कुठे, ठेवींची मुदत कधी, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात, कर्ज किती राहिलंय. हातउसने दिलेले-घेतलेलेही लिहावेत. माणूस गेल्यावर सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात. एकट्या राहणाऱ्या बाईने वही भरून विश्वासातल्या एका माणसाला ती कुठे आहे तेवढं सांगून ठेवावं.

नॉमिनीचा रकाना बघाच. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर वारलेल्या वडिलांचं नाव तसंच राहिलेलं मी असंख्य वेळा पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. मात्र नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होतोच असं नाही, वारसांचा हक्क राहतो. पैसे ठरावीक माणसालाच मिळावेत असं वाटत असेल, तर मृत्युपत्र लागतं.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. बँकेतल्या ठेवीला व्याज धरून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवणाऱ्या कितीतरी जणींना हा फरक कोणीच सांगितलेला नसतो. पतसंस्था वाईटच असतात असं नाही. पण कुठे किती ठेवायचं, हे हा फरक कळल्यावर ठरवावं.

बँकांनाही यात करण्यासारखं आहे. दहा वर्षं कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, आणि त्या शोधायला ‘उद्गम’ हे पोर्टल २०२३ मध्ये सुरू झालं. चांगलं झालं. पण पैसे विसरले जाऊच नयेत म्हणून आधी काही करता येईल. प्रत्येक खातेदाराला विचारावं, की तुमच्या घरातल्या कोणाला ही माहिती द्यायची? त्याने होकार दिला तर त्या माणसाच्या मोबाइलवर वर्षातून एकदा संदेश जावा: या बँकेत तुमच्या माणसाचं खातं आहे, एवढ्या ठेवी आहेत, हा विमा आहे. आणि तो मराठीत असावा.